गोळी सुटल्यानंतरचा पाऊण सेकंद

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. काम माझ्यासारखंच, सॉफ्टवेअरचं. पण नोव्हेंबर लागला की दादा शनिवारी पहाटे चारला उठून हरणाच्या शिकारीला जातो. रीतसर लायसन्स काढतो, हंगामाचे दिवस पाळतो, मिळालेलं मटण फ्रीझरमध्ये ठेवून वर्षभर पुरवून खातो. गेल्या हंगामात त्याने फॅमिली ग्रुपवर न टाकता फक्त मला एक क्लिप पाठवली. त्याच्या मित्राने ५५० यार्डांवरून, म्हणजे साधारण ५०० मीटरवरून, एक हरीण टिपलं होतं. दुर्बिणीतून घेतलेलं शूटिंग. हरीण चरतंय, मान वर करतंय आणि एकदम खाली बसतंय. बंदुकीजवळची मंडळी आरडाओरडा करतायत. खाली दादाचा मेसेज: 'नोव्हेंबरात ऑफिसच्या कामाला येतोयसच, तर दोन दिवस वाढवून ये. तुलाही शिकवतो.'

मला आधी कौतुकच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्धा किलोमीटर लांबच्या ताटलीएवढ्या जागेवर काहीतरी अचूक नेऊन आदळवणं, हे इंजिनिअर माणसाला भुरळ घालणारंच काम आहे. प्रश्न नंतर सुचायला लागले.

मी मूळचा जित्याचा. पेण तालुक्यातलं गाव, पनवेल-रोहा लाइनवरचं छोटं स्टेशन. आमच्या घरात मटण-मासळीशिवाय आठवडा जात नाही. त्यामुळे 'हरणाला मारायचंच कशाला?' हा प्रश्न मी तोंड वर करून विचारू शकत नाही. ज्या ब्रॉयलर कोंबड्या मी ऑफिसात डब्यातून खातो, त्यांचं आयुष्य आणि मरण मी कधी बघितलेलं नाही. दादा निदान बघतो. भारतात हा विषय कायद्याने मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत जनावराला जखमी करणं हीसुद्धा शिकारच आहे. टेक्सासमध्ये गोष्ट वेगळी. अमेरिकेत सगळ्यात जास्त पांढऱ्या शेपटीची हरणं त्या राज्यात आहेत, त्यांना खाणारे लांडगे तिथून कधीच संपलेत, आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा उभा राहतो. म्हणजे मारावं की नाही या वादात दादाची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता. मारायचंच तर किती लांबून?

क्लिप मी धाकल्या बाबांना दाखवली. हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, वय ऐंशीच्या पुढे. कायदा यायच्या आधी, तरणेताठे असताना, ते मोठ्या माणसांबरोबर शिकारीला जायचे. तेव्हाची बंदूक ठासणीची. नळीत दारू ठासायची, वर छर्रे नाहीतर शिशाची गोळी. एकच बार, दुसरा भरेपर्यंत जनावर कुठच्या कुठे. आणि कोकणातलं रान असं की पावसाळ्यानंतर तीस-चाळीस पावलांपलीकडचं दिसतच नाही. माणसं हाकारा करत यायची, वाटेवर बंदूकवाला दबून बसायचा, भेकर किंवा डुक्कर अगदी समोर आलं की बार. लांबून मारायची सोयच नव्हती, त्यामुळे लांबून मारावं की नाही हा प्रश्नही नव्हता.

बाबांनी क्लिप शेवटपर्यंत पाहिली. बंदूक कुठली, नेम कोणाचा, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आन तिथपरत पोचाला किती येल लागला?"

मला माहीत नव्हतं. दादाला विचारलं. त्याचं उत्तर आलं, 'पंचवीसेक मिनिटं. मध्ये दोन घळी होत्या. पण तो ऑन द स्पॉट गेला होता रे.' ऑन द स्पॉट गेला असणार, क्लिपवरून तसंच वाटतं. पण त्या पंचवीस मिनिटांत तिथे काय चाललं होतं, हे जवळ जाऊन बघणारं कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

बाबांच्या वेळी नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण होते. ज्याचा बार त्याने आधी मागावर जायचं. जनावर जखमी होऊन पळालं तर बाकी सगळं सोडून त्याच्या मागे जायचं, अंधार पडला तरी. माग काढणारा बहुतेक वेळा कातकरी असायचा आणि मटणाचे वाटे पडताना त्याचा वाटा ठरलेला असायचा. पानावरच्या रक्तावरून तो सांगायचा, बार कुठे लागलाय. फुप्फुसात लागलं तर रक्त फिकट आणि फेसाळ. असं जनावर फार लांब जात नाही. काळपट रक्त म्हणजे यकृत. हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोटात लागलंय, आणि मग खरी पंचाईत. पोटात गोळी बसलेलं जनावर कित्येक तास जगतं. असंच एक भेकर त्यांना तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडलं होतं, तेही कावळ्यांमुळे. "लागलेला जनावर रानान रडतंय रातभर," बाबा म्हणाले, "आन मारनारा घरान कसा झोपंल?"

हे भेकर तीस पावलांवरून मारलेलं होतं, पाचशे मीटरवरून नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण 'जुने लोक जवळून मारायचे, म्हणून ते चांगले' असं समीकरण मांडायचा मोह होतो. ठासणीच्या बंदुकीने, छर्ऱ्यांनी, घाईघाईत मारलेल्या बारांनी किती जनावरं तडफडली असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

दादानेही हाच मुद्दा काढला. म्हणाला, "पाचशे मीटरवरच्या हरणाला आपण असल्याचा पत्ताच नसतो. ते निवांत उभं असतं. आपण पालथे झोपलेलो, बंदूक स्टँडवर, श्वास शांत. जवळचं हरीण मात्र सावध असतं, कधी उडी मारेल नेम नाही." धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचं उदाहरण त्याने दिलं. बाण सेकंदाला नव्वदेक मीटर जातो आणि दोरीचा आवाज ३४० मीटर. सत्तावीस मीटरवरच्या हरणाला बाण पोचायला ०.३ सेकंद लागतात, आवाज त्याच्या चौथ्या हिश्श्यात पोचतो. हरीण दचकून अंग खाली घेतं आणि बाण भलतीकडे लागतो. रायफलच्या गोळीचं उलटं आहे. ती आवाजाच्या आधी पोचते. गोळी लागते तेव्हा स्फोटाचा आवाज अजून वाटेतच असतो.

मुद्दा बिनतोड वाटला. मग मी स्वतः गणित मांडलं.

.३०८ विंचेस्टर हे हरणासाठी नेहमी वापरलं जाणारं काडतूस धरू. १६८ ग्रेनची, म्हणजे जवळपास ११ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. हवेमुळे वेग कमी होत जातो, त्यामुळे ५०० मीटर कापायला तिला साधारण पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने ती दोन मीटरहून जास्त खाली येते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असेल, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलतील इतपत, तर ती अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला सरकते. हरणाची हृदय आणि फुप्फुसांची जागा वीस-पंचवीस सेंटिमीटरची, नाश्त्याच्या ताटलीएवढी. त्यात लागलं तर मरण लवकर. त्याच्या मागे वीतभर अंतरावर पोट.

गुरुत्वाकर्षणाचं उत्तर पक्कं आहे, कारण ते बदलत नाही. तापमान, हवेचा दाब, अंतर, सगळं मोजता येतं. लेझरचं यंत्र खिशात मावतं, बॅलिस्टिक्सचं ॲप फोनमध्ये. वारा अवघड, कारण बंदुकीजवळचा, मधल्या घळीतला आणि हरणाजवळचा वारा वेगवेगळा असतो. तरी सरावाने त्याचाही अंदाज येतो. उरतं एकच: तो पाऊण सेकंद. चरता चरता पाऊल टाकणारं हरीण सेकंदाला अर्धा मीटर तरी सरकतं. पाऊण सेकंदात पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात जायला एवढं पुरतं. आणि त्या पावलाला कारण काहीही असू शकतं. पुढची पाती जास्त कोवळी असतील, पायावर माशी बसली असेल. गोळीचा आवाज त्याला ऐकू येत नाही हे खरं. पण हरीण काही आपल्या आवाजासाठी थांबून राहिलेलं नसतं.

शंभर मीटरवर हेच गणित करा. गोळीला लागतात ०.१३ सेकंद. तेच हरीण, तेच पाऊल, सरकलं सहा-सात सेंटिमीटर. नेम अजून ताटलीतच.

लांब अंतराच्या नेमबाजीबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात सगळा भर नेमबाजाच्या चुका कमी करण्यावर असतो. चांगली दुर्बीण, चांगली गोळी, जास्त सराव. त्या चुका माझ्या असतात, आणि घाम गाळून मी त्या कमी करू शकतो. हरणाचं पाऊल ही माझी चूक नाही. ते त्याचं चालणं आहे. माझं कौशल्य कितीही वाढलं तरी ती अनिश्चितता तशीच राहते, आणि ती चुकवती करतं हरीण.

आमच्या धंद्यातल्या लोकांनी यावरही उत्तर काढायचा प्रयत्न केला. टेक्सासमध्येच ट्रॅकिंगपॉइंट नावाची कंपनी होती. तिने २०१३ मध्ये लिनक्सवर चालणारी रायफल बाजारात आणली. दुर्बिणीत बघून जनावरावर एक बटण दाबून खूण करायची. आतला संगणक अंतर, दाब, तापमान घेऊन हिशोब करतो. वारा मात्र माणसाने सांगायचा. मग चाप ओढून धरायचा. बंदूक लगेच उडत नाही. नळी बरोबर खुणेवर आली की त्या क्षणी ती गोळी सोडते. हात थरथरला, श्वास चुकला, काही फरक पडत नाही. खूण केलेलं जनावर चाललं तर खूणही त्याच्याबरोबर सरकते. पण गोळी एकदा सुटली की संगणकही आपल्यासारखाच नुसता बघत बसतो. तो पाऊण सेकंद त्यालाही विकत घेता आला नाही. २०१५ मध्ये दोन सुरक्षा-संशोधकांनी वाय-फायवरून त्या रायफलमध्ये शिरून गणितातला एक आकडा बदलून दाखवला, आणि गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली. चाप ओढणाऱ्याच्या ते सहज लक्षात येण्यासारखं नव्हतं.

मला ते वाचताना आपल्या पुराणांतल्या शिकारी आठवल्या. दशरथाने अंधारात घागर भरल्याचा आवाज ऐकला आणि शब्दवेधी बाण सोडला. पंडूने जोडीत रमलेल्या हरणांवर बाण मारले, आणि ते हरीण किंदम ऋषी निघाले. जरा नावाच्या पारध्याने झाडाखाली टेकलेल्या कृष्णाचा पाय हरीण समजून वेधला. या तिन्ही गोष्टींत नेम एकदाही चुकलेला नाही. बाण जिथे जायला हवा होता तिथेच गेला. कमी पडली ती माहिती: तिकडे कोण आहे, काय करतंय. किंदम तर पंडूला म्हणतो की तू हरीण मारलंस याला माझी हरकत नाही, राजे मारतातच. निदान आमचा समागम संपेपर्यंत थांबायचं होतंस. म्हणजे मारण्याचा हक्क मान्य करूनही 'कधी आणि कसं' हा प्रश्न शिल्लक राहतो, हे त्या गोष्टीला ठाऊक आहे. आणि दशरथ बाण मारून घरी जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. तो आवाजाच्या दिशेने चालत जातो, म्हणून तर त्याला श्रावण सापडतो.

महाराष्ट्रात बंदुकीच्या गोळीवरून अलीकडे मोठा वाद झाला, तोही असाच होता. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणतात, तिच्याबद्दलचा आदेश कोर्टात जाऊन टिकला होता: आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर गोळी घाला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. त्यानंतर जी चर्चा झाली ती डार्ट आधी लागला की गोळी, वाघिणीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, गाडी किती अंतरावर होती, यावर. परवानगी कागदावर होती. लोकांना जाणून घ्यायचं होतं ते शेवटच्या काही क्षणांबद्दल.

आपल्या कायद्यानेही एके काळी या 'कसं'चा विचार केला होता. १९७२ चा मूळ कायदा लायसन्सवर काही शिकार करू देत होता. ती कलमं १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्यात लायसन्सवाल्यांसाठी मनाई होती. गाडीतून मारायचं नाही. रात्री प्रकाशझोत टाकून मारायचं नाही. पाणवठ्यावर, खारट माती चाटायला आलेलं जनावर मारायचं नाही. विष, स्फोटकं, जाळी नाहीत. या यादीत अंतराचा आकडा नव्हता, पण धागा कळतो: जनावराला निसटायची संधीच उरत नाही अशा वेळी मारू नका. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब याच तत्त्वावर उभा आहे, आणि शिकाऱ्यांच्याच या क्लबने लांब अंतराच्या नेमबाजीला विरोध केलाय. त्यांचं म्हणणं, इतक्या लांबून हरणाचं नाक, कान, डोळे निकामी ठरतात. मग ती शिकार उरत नाही.

हे मी दादाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मग तुला ऐंशी यार्डांवर बसवतो. मक्याचा फीडर लावलेला असतो, आपण लाकडी खोपटात लपायचं, हरीण रोज ठरल्या वेळी खायला येतं. नेम चुकायचा प्रश्नच नाही." टेक्सासमध्ये हे कायदेशीर आहे आणि सर्रास चालतं.

इथे मी अडकलो. कारण हरणाच्या शरीराचा विचार केला तर फीडरजवळची गोळी सगळ्यात दयाळू: जवळून, शांतपणे, मरण सेकंदांत. न्यायाचा विचार केला तर ती पाणवठ्यावर दबा धरण्यासारखीच. यातना कमी करणं आणि समोरच्याला संधी देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दर वेळी एका दिशेला ओढत नाहीत. खूप विचार केल्यावर मला वाटतं, एकच निवडायचं तर मी यातना कमी करणं निवडेन. 'बरोबरीची लढत' ही कल्पना बरीचशी शिकाऱ्याच्या मनातली असते. हरणाला आपण खेळात उतरलोय हे माहीत नसतं. पण फुटलेल्या पोटाने रात्र काढणं त्याला नक्की कळतं. आणि पाचशे मीटरच्या गोळीची अडचण ही की ती दोन्ही कसोट्यांवर नापास होते. हरणाला संधीही देत नाही आणि सुखाच्या मरणाची खात्रीही नाही.

जखमी जनावराला सोडून देण्याची किंमत फक्त त्यालाच मोजावी लागते असंही नाही. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं होती. तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले निघाले, जुन्या गोळीमुळे. कोणीतरी कधीतरी एक बार टाकला होता. हरणाच्या बाबतीत असा सूड कोणी उगवत नाही, म्हणून त्या जखमा कोणाच्या लक्षातही येत नाहीत. टेक्सासचा कायदा मात्र त्या लक्षात ठेवतो: मारलेलं किंवा जखमी झालेलं जनावर शोधायचा पुरेसा प्रयत्न जाणूनबुजून केला नाही तर तो गुन्हा आहे. धाकल्या बाबांचा नियम, वेगळ्या भाषेत.

दादा म्हणतो, "मग एक आकडा सांग ना." आकडा सगळ्यांसाठी एकच असणार नाही, त्याचा मित्र माझ्यापेक्षा शंभरपट चांगला नेमबाज आहे. पण मी मला विचारायचे प्रश्न ठरवलेत. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे मला नीट दिसतंय का? गोळी हवेत असताना त्याने एक पाऊल टाकलं, तरी ती ताटलीतच बसेल का? आणि ते पळालं तर ज्या ठिकाणी उभं होतं ती नेमकी जागा मला सापडेल का, अंधार पडायच्या आत तिथे पोचून मागावर जाता येईल का? माझ्यासारख्या नवख्याचं उत्तर शंभर यार्डांच्या आतच येतं, तेही उभ्या, आडव्या, शांत हरणाला.

दादाला हे पटलेलं नाही. त्याच्या मते मी नेमबाजीला भिऊन तत्त्वज्ञान करतोय, आणि रेंजवर दोन दिवस घालवले की माझा आकडा आपोआप वाढेल. वाढेलही. पण हरणाचं पाऊल माझ्या सरावाने लहान होणार नाही, हे मी त्याला लिहून पाठवलंय. नोव्हेंबरात मी जाणार आहे. पहिला दिवस बंदूक न घेता नुसता त्याच्याबरोबर चालेन. कोणी मारलेल्या हरणाचा माग काढायचा असेल तर त्या माणसांत मला घे, असंही सांगितलंय. दुसऱ्या दिवशी चाप ओढेन की नाही, ते त्या मागावर काय दिसतं यावर ठरेल.